खुणेच्या फांद्या

ऑक्टोबरात वडिलांनी कालवड विकली,
आईच्या माहेरून आलेली, कपाळावर ठिपका असलेली,
कुणाला न विचारता.
तेव्हापासून घरात अबोला.

मी आठ वर्षांची. दोघांच्या मधली पायवाट.
'वडिलांना सांग, मीठ संपलंय.'
'आईला सांग, शनिवारी आणतो म्हणावं एकदाचं.'
टेबल जेमतेम अडीच हात रुंद.
मी शब्द उचलायचे, पलीकडे नेऊन ठेवायचे,
वाटेत थोडे सांडायचेही.
ते 'एकदाचं' मी आईपर्यंत पोचवलं नाही.

काइनूतलं आमचं शेत लहान:
चार गायी, एक घोडा, राईचा एक तुकडा,
आणि दरवर्षी नांगराला लागणारे नवे दगड.
जानेवारीत मात्र सगळ्यांचीच शेतं सारखी.
बांध नाही, दगड नाही,
सशानं घातलेले चार टाके तेवढे, तेही उसवत गेलेले.

थंडी मी म्हणत होती.
पोहऱ्याच्या कडीला ओलं बोट लागलं
की कातडी कडीलाच राहायची.
गोठ्यातल्या खिळ्यांच्या डोक्यांवर
गायींच्या श्वासाची पांढरी लव उगवलेली.
वडील हल्ली सौनात झोपत.
आई म्हणायची, रात्री त्यांना खोकला येतो म्हणून.

तळ्यावरचा बर्फ तीन विती झाला
तेव्हा शेजारचा एव्हेर्ट लांब करवत घेऊन आला.
एक लादी, दुसरी लादी,
निळसर, आत बुडबुडे वर येता येता थांबलेले.
घोड्याचा लगाम आईच्या हातात,
आकडा वडिलांच्या,
आणि मध्ये घसरगाडीवर चढणारं
उन्हाळ्यातलं दूध नासू न देणारं गार ओझं.
भुशात पुरून ठेवायचं, जूनपर्यंत.

'जूनची तजवीज जानेवारीतच करावी लागते,'
एव्हेर्ट म्हणाला, 'संसाराचंही तसंच.'
कुणीच हसलं नाही
तेव्हा मिशीतले बर्फाचे खडे मोडत बसला.

कापलेल्या जागी चौकोनी काळं पाणी उरलं.
रात्रीत त्यावर पापुद्रा धरतो,
पापुद्र्यावर भुरभुर पडते,
मग ते तळ्यासारखंच तळं दिसतं.
म्हणून भोवती स्प्रूसच्या फांद्या रोवायच्या.
त्याच वाटेनं स्कीवरून मुलं शाळेला जातात.
मीही.

त्या रात्री वादळ आलं.
छपरावरून कुणी पोतं ओढत नेतंय असा आवाज.
मध्येच दार वाजलं एकदा, हळूच.
गार हवेचा एक पट्टा पांघरुणात शिरला,
मग मी झोपले.

सकाळी सगळं थांबलेलं. इतकं,
की खिडकीच्या काचेवरची नक्षी कुरकुरलेली ऐकू यावी.
फांद्या उभ्या होत्या.
कालच्यापेक्षा उंच, कालच्यापेक्षा जास्त,
एकीला तर आईची लाल लोकरीची दोरी बांधलेली.

पायरीपासून निघालेली लहान पावलं, नमद्याच्या बुटांची.
सौनापासून निघालेली मोठी,
डाव्या पायानं जरा ओढलेली.
दोन्ही तळ्याच्या काठाशी भिडलेली,
आणि तिथे बर्फ असा तुडवलेला
की दोनच माणसं होती, खरं वाटू नये.
किती वेळ उभी होती, काय बोलली,
बोलली का मुळात,
बर्फाला तेवढं लिहिता येत नाही.

परतीची रांग एकच होती.
मोठ्या पावलांच्या खड्ड्यांत
लहान पावलं अलगद ठेवलेली,
गुडघाभर बर्फातून जाताना आपण ठेवतो तशी.
पायरीपर्यंत.

कालवड परत आली नाही.
त्या सकाळी टेबलाशीही तेच.
'वडिलांना सांग, लापशी गार होतेय.'
मी तोंड उघडलं, 'आई म्हणतेय...'

वडिलांनी चमचा आधीच उचलला होता.